टॉवर कुठे उभा राहणार, हे ठरवणारी माणसं येतात कुठून?

पेठ, करंजाळी, जोगमोडीकडची बारावी-बीएस्सीची मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, मोबाइल कंपनीत लागायचं तर काय शिकायचं?" प्रश्न साधा आहे. पण उत्तर शोधायला बसलं की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघतो. आपल्या तालुक्यात कुठे रेंज असणार आणि कुठे नसणार, हे ठरवणारी माणसं कोण? ती काय शिकली, आधी कुठे काम करत होती, त्या खुर्चीपर्यंत कशी पोचली?

माझं स्वतःचं संशोधन अँटेनांवर आहे. त्यामुळे सावळघाट उतरला की फोनचे दांडे एकेक करून का गळतात, हे मी गणिताने सांगू शकते. लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की त्यांची ताकद मरते, वगैरे. पण खरं सांगू का, एवढं सांगून पेठचा प्रश्न सुटत नाही. डोंगराच्या पलीकडे दुसरा टॉवर लावता येतो, त्यात विज्ञानाची काही अडचण नाही. तो लावायचा की नाही, हे माणसं ठरवतात. म्हणून आजचा लेख लहरींवर नाही, माणसांवर आहे.

आणि विषय नुसत्या करमणुकीचा नाही. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन नेटवर्कवर चालतं. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या आईबापाची खुशाली फोनवर कळते. रेंज म्हणजे आता मजुरी, धान्य आणि निरोप. तेव्हा ती कुणाच्या हातात आहे, हे माहीत असायला हवं.

या धंद्यात सगळेच इंजिनिअर नव्हते

दूरसंचार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर येतो. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

हाताने तारा न जोडता आपोआप फोन जोडणारं यंत्र ज्याने शोधलं, तो आल्मन स्ट्रोजर अमेरिकेत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं. टेलिफोन ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं स्पर्धकाकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्याने ऑपरेटरच काढून टाकायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात.

दुसरा माणूस डेन्मार्कचा, आग्नर एरलांग. गणित शिकलेला, काही वर्षं शाळामास्तर. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. त्याने जो प्रश्न सोडवला तो आपल्याला रोज भेटतो. एका गावाला किती लाइनी पुरतील?

समजा, गर्दीच्या एका तासात एका गावातून ३० फोन लागतात आणि प्रत्येक जण सरासरी २ मिनिटं बोलतो. म्हणजे तासाभरात ६० मिनिटांचं बोलणं. याला म्हणतात एक एरलांग. आपल्याला वाटेल, ६० मिनिटांचं बोलणं आहे आणि तासही ६० मिनिटांचाच, मग एक लाइन पुरेल. पण माणसं काही रांग लावून फोन करत नाहीत. एरलांगच्या सूत्रात आकडे घातले तर दिसतं की एकच लाइन दिली तर निम्म्या लोकांना फोन लागणार नाही. दोन दिल्या तर १०० पैकी २० जण अडकतात, तीन दिल्या तर सहा, आणि चार दिल्यावर दीडेक. कुठपर्यंत जायचं? सूत्र ते सांगत नाही. किती लोकांना "सर्व लाइन व्यस्त आहेत" ऐकवायचं, हा आकडा साहेब लोक ठरवतात. गणित तिथे थांबतं आणि व्यवस्थापन सुरू होतं. ही सीमारेषा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरं नाव आपल्या जवळचं आहे. आजच्या ४जी-५जी फोनमध्ये एकाच वेळी अनेक अँटेना वापरून जास्त डेटा पाठवतात. त्या तंत्राला मायमो म्हणतात. त्याची मूळ कल्पना आरोग्यस्वामी पॉलराज यांची. ते भारतीय नौदलात होते. अभियांत्रिकी शिकले ते लोणावळ्याच्या नौदल महाविद्यालयात. अनेक वर्षं त्यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजावरून ओळखणाऱ्या सोनार यंत्रणेवर काम केलं. समुद्रातही आवाज चहूबाजूंनी आपटून येतो आणि डोंगरा-इमारतींमध्ये रेडिओ लहरीही तशाच आपटून येतात. सोनारमध्ये मुरलेल्या माणसाला पुढे स्टॅनफर्डमध्ये मोबाइलच्या प्रश्नाकडे बघताना त्या आपटण्यात अडचणीऐवजी फायदा दिसला. २०१४ साली त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला.

व्यवस्थापकांचंही तसंच. जगातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी एक असलेल्या व्होडाफोनचे २००३ ते २००८ प्रमुख असलेले अरुण सरीन खरगपूर आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेले. एअरटेल उभी करणारे सुनील मित्तल यांनी सुरुवात केली लुधियानात, सायकलचे सुटे भाग बनवण्यापासून. जिओ सुरू करणारे मुकेश अंबानी मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकले. या धंद्यात शिरण्याचे दरवाजे कायमच अनेक होते. मग फरक कशाने पडतो?

एका कंपनीने २० वर्षं माग काढला

या प्रश्नावर झालेलं एक जुनं संशोधन मला फार आवडतं. अमेरिकेत एकेकाळी एटी अँड टी या एकाच कंपनीकडे जवळजवळ सगळे टेलिफोन होते. १९५६ साली डग्लस ब्रे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक अभ्यास सुरू केला. ४२२ तरुण व्यवस्थापक निवडले. त्यातले २७४ जण पदवी घेऊन थेट व्यवस्थापनात आलेले. उरलेले १४८ जण पदवी नसलेले, खालच्या कामापासून सुरुवात करून कमी वयात व्यवस्थापक झालेले. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, एक गट साहेब म्हणून भरती झालेला आणि दुसरा बढतीने आलेला.

प्रत्येकाची साडेतीन दिवस कसून तपासणी झाली. बुद्धिमत्ता चाचण्या, मुलाखती, गटचर्चा, शिवाय टेबलावर कागदांचा ढीग ठेवून "आता याचा निपटारा करा" अशी परीक्षा. कोण वर जाईल याचा अंदाज परीक्षकांनी लिहून ठेवला. गंमत अशी की हे निकाल कंपनीला दाखवलेच नाहीत. दाखवले असते तर वरिष्ठांनी त्याच माणसांना हात दिला असता आणि अंदाज आपोआप खरा ठरला असता. मग वर्षानुवर्षं त्या माणसांचा माग काढला. ज्यांच्याबद्दल "हा वर जाईल" असं लिहिलं होतं, ते खरोखरच बाकीच्यांपेक्षा जास्त प्रमाणात वर गेले.

यातून निघालेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली. पदवीधरांपैकी कोण किती वर गेलं, हे २० वर्षांनी विषयवार पाहिलं. कला आणि सामाजिक शास्त्रं शिकलेल्यांपैकी ४३ टक्के लोक व्यवस्थापनाच्या चौथ्या किंवा त्यावरच्या पायरीवर पोचले होते. वाणिज्य-व्यवस्थापन शिकलेल्यांपैकी ३२ टक्के. आणि इंजिनिअर? २३ टक्के. टेलिफोन कंपनीत!

थांबा, यावरून लगेच "इंजिनिअरिंग सोडा" असा निष्कर्ष काढू नका. इतिहास-साहित्य शिकलेल्या ज्या मुलांना टेलिफोन कंपनीने घेतलं, ती मुळात चाळून घेतलेली असणार. पुष्कळ इंजिनिअर तांत्रिक कामातच रमले असतील. पण एक गोष्ट उरतेच. पहिली नोकरी मिळवून देणारं कौशल्य आणि पुढच्या पायऱ्या चढवणारं कौशल्य, ही दोन वेगळी असतात. मंडळ चालवणं, भांडण मिटवणं, चार ओळींचं स्वच्छ पत्र लिहिणं, बैठकीत तोंड उघडणं, या गोष्टी वर गेल्यावर लागतात आणि त्या सर्किटच्या पेपरात विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच माहितीतल्या ६२ तरुण व्यवस्थापकांवर बर्ल्यू आणि हॉल या दोघांनी १९६६ साली एक शोधनिबंध लिहिला. पहिल्याच वर्षी ज्यांना आव्हानाचं, जबाबदारीचं काम मिळालं, त्यांची कामगिरी पुढच्या चार-पाच वर्षांतही उजवी राहिली. ज्यांना पहिल्या वर्षी बिनकामाचं काम मिळालं, ते मागे पडले. म्हणजे तुमची पार्श्वभूमी फक्त तुमच्या मार्कशीटवर नसते. पहिल्या साहेबाने तुम्हाला काय काम दिलं, तीही तुमची पार्श्वभूमीच होते.

या अभ्यासात एक मोठं भोकही आहे. ४२२ च्या ४२२ पुरुष. त्याच कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून बायकांची फौज होती, पण "पुढचे व्यवस्थापक" निवडताना त्या कुणाला दिसल्या नाहीत. १९७३ साली सरकारी कारवाईनंतर कंपनीला या भेदभावाबद्दल करार करून भरपाई द्यावी लागली. पुढच्या पिढीच्या अभ्यासात मग बायका आल्या. सांगायचा मुद्दा, ज्याला शिडीवर उभंच केलं नाही तो वर का गेला नाही, असं विचारण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडची शिडी

आता घरी येऊ. भारतात फोन म्हणजे दीर्घकाळ सरकारी खातं. १९८५ साली टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल झालं, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी उरलेल्या देशासाठी बीएसएनएल.

या खात्यात वर जायचे दोन रस्ते होते. पहिला दिल्लीहून. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यायची आणि भारतीय दूरसंचार सेवेत थेट अधिकारी म्हणून यायचं. दुसरा रस्ता खालून. मजूर, लाइनमन, मग मेकॅनिक, मग टीटीए म्हणजे तांत्रिक सहायक, मग जेटीओ म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी, मग एसडीई आणि त्याच्याही वर. मधल्या पायऱ्यांवर जागांचा एक हिस्सा खात्यातल्याच माणसांसाठी ठेवलेला असायचा आणि त्यासाठी खात्यांतर्गत परीक्षा असायच्या. दिवसा खांबावर चढणारा माणूस रात्री कंदिलाखाली अभ्यास करून साहेब होऊ शकायचा. सगळे होत नव्हते, पण पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

या शिडीची सगळ्यात खालची पायरी तर मातीत होती. केबलसाठी चर खणणारे रोजंदारी मजूर वर्षानुवर्षं "तात्पुरते" म्हणून राबत होते. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ साली न्यायालयाने त्यांना कायम कामगारांच्या किमान वेतनाइतकी मजुरी द्यायला आणि वर्षाहून जास्त सलग काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखायला सांगितलं. १९८९ साली तशी योजना आली. कुदळ घेऊन आलेला माणूस खात्याचा कर्मचारी झाला आणि शिडीचा पहिला दांडा त्याच्या हातात आला.

याचा नेटवर्कला काय फायदा? खूप मोठा. खालून आलेल्या साहेबाला माहीत असायचं की अमुक ओढ्याजवळ दर आषाढात केबलमध्ये पाणी शिरतं, तमुक घाटात दरड खांब घेऊन जाते. असलं ज्ञान नकाशावर नसतं. ते माणसाबरोबर शिडी चढून वर जायचं आणि निर्णयाच्या टेबलापर्यंत पोचायचं.

वेगवेगळ्या पार्श्वभूमी एकत्र आल्या की काय होतं

याचं सुंदर उदाहरण म्हणजे १९८४ साली स्थापन झालेलं सी-डॉट. सॅम पित्रोदा बडोद्यात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले, तिथल्या टेलिफोन उद्योगात डिजिटल एक्स्चेंज बनवण्यात नाव कमावलेले. जी. बी. मीमांसी सरकारी दूरसंचार खात्यातून आलेले. एम. व्ही. पिटके मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. आणि त्यांच्या हाताखाली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. हातात ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये.

परदेशी एक्स्चेंजला थंडगार, धूळमुक्त खोली लागायची. आपल्या खेड्यात वीजच धड नाही, तिथे एसी कुठून आणणार? म्हणून या मंडळींनी खेड्यासाठी एसीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारं छोटं एक्स्चेंज बनवलं. पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं.

बघा, अमेरिकेतून आलेल्याला डिजिटल तंत्र माहीत होतं, प्रयोगशाळेतल्याला संगणक माहीत होता, आणि खात्यातल्याला खेड्यातल्या टेलिफोन खोलीची अवस्था माहीत होती. यातला एकही कमी असता तर ते यंत्र तसं झालं नसतं. टेबलाभोवती कोण बसलंय यावर टेबलावर काय तयार होतं हे ठरतं. मला या सगळ्या वाचनातून सापडलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

शिडीचे तुकडे कसे झाले

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. खासगी कंपन्या आल्या, स्पर्धा आली, दर उतरले. आपल्या सगळ्यांच्या हातात फोन आला तो यामुळेच, हे विसरून चालणार नाही. पण त्याच काळात शिडीचं काहीतरी झालं.

२००४ साली एअरटेलने एक धाडसी गोष्ट केली. स्वतःचं नेटवर्क उभारण्या-चालवण्याचं काम एरिक्सनसारख्या यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांकडे सोपवलं आणि संगणकीय कामकाज आयबीएमकडे. पैसे यंत्रांच्या नगावर द्यायचे नाहीत, वापरात आलेल्या क्षमतेवर द्यायचे. आणि ती क्षमता मोजायची कशात? एरलांगमध्ये! डेन्मार्कच्या त्या मास्तरांचं नाव असं शंभर वर्षांनी भारतातल्या करारात आलं. २००७ साली कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली आणि टॉवरही वेगळ्या कंपनीकडे गेले. पुढे हीच रीत सगळीकडे पसरली.

याचा अर्थ काय, ते पेठच्या पावसात समजून घेऊ. श्रावणातली रात्र, वीज गेली. टॉवरवरची यंत्रं ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालू राहतात. काही तासांनी बॅटऱ्या बसतात, मग जनरेटर आणि डिझेल. तेही संपलं की टॉवर बंद. लांब शहरातल्या नियंत्रण कक्षात पडद्यावर लाल अलार्म येतो. सिम ज्या कंपनीचं, ती टॉवर कंपनीला कळवते. टॉवर कंपनी देखभालीच्या ठेकेदाराला. ठेकेदार त्याच्या टेक्निशियनला. तो बिचारा मोटारसायकलवर कॅन बांधून घाट चढतो. रेडिओच्या यंत्रातच बिघाड असेल तर माणूस वेगळा, फायबर तुटली असेल तर आणखी वेगळा, आणि वर चढून अँटेनाची दिशा बदलायची असेल तर रिगर वेगळा.

ही सगळी माणसं एकाच टॉवरपाशी येतात, पण नोकऱ्या चार वेगळ्या मालकांकडे करतात. टेक्निशियनच्या वरची पायरी दुसऱ्या कंपनीत, त्याच्या वरची तिसऱ्या. कॅन घेऊन येणाऱ्या पोराला त्या टॉवरबद्दल जे माहीत आहे ते कुणालाच माहीत नसतं. पण त्याचं ज्ञान ठेकेदाराच्या वहीपाशी थांबतं. दहा वर्षांनीही तो टेक्निशियनच असतो, फक्त ठेकेदार बदललेला असतो. खर्च वाचतो, सेवा स्वस्त होते, हे खरं. पण शिडीऐवजी चार वेगवेगळे स्टूल ठेवलेले आहेत.

सरकारी बाजूलाही मोठी गळती झाली. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच वेळी बाहेर पडले. म्हणजे जवळजवळ निम्मे. योजना पन्नाशीच्या पुढच्यांसाठी होती. पगाराचा बोजा पाहता कंपनीपुढे पर्याय थोडे होते. पण वयाचा हिशेब करा. खालून चढून आलेली, ओढे आणि दरडी पाठ असलेली पिढी नेमकी हीच. त्यांच्याबरोबर किती न लिहिलेली माहिती घरी गेली असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

खुर्चीवर कोण, यावर प्रश्न कसा दिसतो

आता त्या दुसऱ्या टेबलाकडे जाऊ, जिथे गणित थांबतं. खासगी कंपन्यांत वरच्या खुर्चीवर पुष्कळदा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या धंद्यातली माणसं आली. २०१३ पासून दीर्घकाळ एअरटेलचं नेतृत्व करणारे गोपाल विट्टल त्याआधी बरीच वर्षं हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये होते. म्हणजे साबण-शाम्पूच्या धंद्यात. ही माणसं खेड्याला परकी नसतात. उलट शेवटच्या टपरीपर्यंत माल कसा न्यायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. छोट्या रकमेचं रिचार्ज आणि एक रुपयाची शाम्पूची पुडी, यांची जात एकच आहे.

पण विकणाऱ्याला गाव दिसतं ते गिऱ्हाईक म्हणून. त्याचा मुख्य आकडा असतो, दर ग्राहकामागे महिन्याला सरासरी किती रुपये येतात. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज सक्तीचं केलं, ते हाच आकडा वर नेण्यासाठी. नुसता "मिस कॉल" घेणारं गिऱ्हाईक त्या हिशेबात बसत नव्हतं. या चष्म्यातून पाहिलं तर विखुरलेले पाडे, चार महिने स्थलांतर, कमी रिचार्ज असलेला आपला तालुका यादीत खाली जातो. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येक जण आपण आयुष्यभर जे मोजत आलो तेच मोजतो. इंजिनिअर लहरींची ताकद मोजेल, विक्रीवाला रुपये मोजेल, हिशेबनीस परतफेडीची वर्षं मोजेल. आजारी बाईला घेऊन १०८ ला फोन लावायला टेकडीवर चढणारा माणूस यांतल्या कुणाच्याच तक्त्यात नसतो. त्यासाठी तो अनुभव असलेलं कुणीतरी टेबलाशी बसलेलं लागतं.

बाजार पोचत नाही तिथे सरकारी निधी लागतो. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे आणि यंत्रणा देशी. तिचा गाभा पुन्हा सी-डॉटचा. टॉवर उभे राहतील. पण ते पावसात चालू कोण ठेवणार, हा माणसांचा प्रश्न पैशाने आपोआप सुटत नाही.

तर मग काय शिकायचं?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर.

इंजिनिअरिंगची पदवी नसली म्हणून दार बंद होत नाही. ज्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून भारतीय दूरसंचार सेवेत जाता येतं, तिच्यातल्या काही ठरावीक पदांसाठी इलेक्ट्रॉनिक्स, वायरलेस कम्युनिकेशन, रेडिओ फिजिक्स यांसारखा विशेष विषय घेऊन एमएस्सी केलेले विद्यार्थीही बसू शकतात. ही गोष्ट आपल्याकडच्या बीएस्सीच्या मुलांना कुणी सांगतच नाही. वयाची मर्यादा २१ ते ३०, अनुसूचित जमातीला पाच वर्षांची सवलत. बीएसएनएलच्या जेटीओ भरतीतही एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स चाललेलं आहे. दर वर्षीच्या जागा आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाआधी जाहिरात स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या तोंडावर विसंबू नका.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून टॉवरच्या कामाला लागणार असाल, तर जरूर लागा. काम इमानाचं आहे. पण "हो" म्हणण्याआधी पाच गोष्टी विचारा. पगाराची चिठ्ठी कुणाच्या नावाने येणार? भविष्यनिर्वाह निधी कापून भरणार का? उंचीवर चढायचं प्रशिक्षण आणि पट्टा-दोर कोण देणार? या जागेवरून वरच्या जागेवर गेलेलं एक तरी माणूस दाखवता का? आणि पहिल्या वर्षी मला नेमकं काय करायला मिळेल? शेवटचा प्रश्न बर्ल्यू आणि हॉल यांच्याकडून उसना घेतलाय, पण तो करंजाळीतही तितकाच लागू आहे. नुसतं डिझेल भरायचं असेल, तर सहा महिन्यांत बॅटरी, रेक्टिफायर, मायक्रोवेव्ह लिंकची दिशा, अलार्म वाचणं हे मागून घेऊन शिका. आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, कारण लिहून ठेवा. तोंडी अनुभवाला मुलाखतीत किंमत कमी मिळते. तीन पावसाळ्यांची वही मात्र कुणालाही गप्प करते.

जे आधीच अधिकारी, व्यवस्थापक आहेत आणि हा लेख वाचतायत, त्यांच्यासाठी एकच मागणं. ठेकेदाराच्या टेक्निशियनला वर्षातून एकदा तरी तुमच्या बैठकीत बोलवा. त्याला खात्यांतर्गत परीक्षेसारखा वर यायचा एखादा रस्ता करारातच लिहून द्या. जुनं खातं ढिम्म होतं, मान्य. पण जुन्या खात्याने मजुराला परीक्षेला बसू दिलं होतं.

आपल्याकडची मुलं स्वतःबद्दल बोलताना म्हणतात, "आमचं काही बॅकग्राउंड नाही." मला हे वाक्य खटकतं. कोणत्या पाड्यावर झाडीमुळे सिग्नल मरतो, कोणत्या टेकडीवर उभं राहिलं की गुजरातचं नेटवर्क पकडतं, कोणत्या महिन्यात कोणतं गाव रिकामं होतं, हे तुम्हाला पाठ आहे. नेटवर्क आखणारे हीच माहिती गाडीत यंत्रं घालून, फिरून फिरून गोळा करतात. तिला सिद्धांताची, परीक्षेची आणि चार ओळी नीट लिहिण्याची जोड द्या. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत, हे मी लपवत नाही. पण टेबलाशी खुर्ची मागायला जाताना रिकाम्या हाताने जातोय असं समजू नका.

तुमच्या गावात टॉवर आला तेव्हा काम करायला कोण आलं होतं, आणि त्यातलं कुणी पुढे वर गेलं का, हे मला कळवा. उत्तरं जमली की त्यावर पुढे लिहीनच.